'हं' म्हणणारा माणूस

६ जानेवारी

कादंबरी अडली की मला डायरी आठवते. आज आठवली, यावरून काय ते समजावं.

सकाळी सातला टेबलाशी बसले. रोज चार पानं हा माझा नेम. झाली दीड, त्यातलं अर्धं खोडलं. उरलेल्या वेळात पेनाची टोपणं पुसली, खिडकीची काच पुसली, शेवटी चष्मा पुसला. अकराला वाचनालयाच्या बाईंचा फोन आला. नवीन लिहिणाऱ्यांसाठी पुढच्या आठवड्यापासून दर शनिवारी वर्ग घ्याल का, तुमच्या लेखनाच्या सवयी सांगा, दोन शब्द सल्ल्याचे सांगा. मी मागचापुढचा विचार न करता हो म्हणून बसले. आडात नाही आणि पोहरा घेऊन निघाले लोकांना पाणी पाजायला!

संध्याकाळी नवऱ्याला ते उरलेलं पाऊण पान वाचून दाखवलं. तो इस्त्री करत होता. "हं," म्हणाला.

मी म्हटलं, "आता दर शनिवारी वर्ग आहे माझा."

"वर्गणी? कसली वर्गणी? द्यायची नाही अजिबात," म्हणाला आणि उशीचा अभ्रा उलटा केला.

लक्ष कुठे असतं या माणसाचं, देव जाणे.

९ जानेवारी

वर्गात काय सांगायचं याची टिपणं काढायला बसले आणि लक्षात आलं, माझी खरी सवय एकच आहे. दिवसभराचं लिहिलेलं संध्याकाळी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायचं. बाकी सगळं, म्हणजे सात वाजता बसणं, निळी शाई, पाठकोरे कागद, हे नुसते नखरे.

हे सुरू झालं छापखान्यात. माझी पहिली कादंबरी जिथे छापत होते तिथे हा मशीनवर होता. मी एकदा छापून झालेले फर्मे बघायला गेले तर हातावरची शाई पुसत माझ्यापुढे येऊन उभा राहिला. "लेखिकाबाई, तुमची ती म्हातारी मेली ना, तिथे मी मशीन बंद केलं. मालक माझ्या अंगावर धावून आला." त्या खोलीत एवढा धडधडाट असायचा की मला त्याचं अर्धंच कळलं. तिथली माणसं मात्र एकमेकांशी आरामात गप्पा मारायची, नुसते ओठ बघून. मला मोठी गंमत वाटली होती. पुढे त्याच्याशीच लग्न केलं. चारचौघांत मी त्याला अहो म्हणते, घरात अरे. तो मला अजून बाई म्हणतो, आणि चिडवायचं असलं की अहो-जाहो करतो.

तर, वाचन. तो इस्त्री करतो आणि मी वाचते. जुन्या काळी गोष्ट ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा असे, तसा हा देतो. आखूड 'हं' म्हणजे चालू दे. लांब 'हंऽऽ' म्हणजे इथे पाणी घातलंस. वर चढवलेलं 'हं?' म्हणजे कळलं नाही, पुन्हा लिही. आणि हुंकार बंद पडून इस्त्री कापडावर तशीच राहिली, की समजायचं जमलं. दुसऱ्या कादंबरीतल्या भावाच्या पत्राला एक शर्ट गेला. तिसरीतल्या घटस्फोटाला दोन. समीक्षकांनी काय लिहिलं ते मला आठवत नाही, पण जळलेले कपडे सगळे आठवतात.

या कादंबरीला अजून साधा रुमालसुद्धा गेलेला नाही. फोटो स्टुडिओ चालवणाऱ्या एका बाईची गोष्ट आहे. बापाचा स्टुडिओ, त्याच्यामागे ती चालवते. तीन वर्षं झाली लिहितेय. आणि गेले कित्येक महिने नुसतं आखूड 'हं', 'हं', 'हं'. नळ ठिबकल्यासारखं.

१३ जानेवारी

नवऱ्याने इस्त्रीचं टेबल फिरवलं. इतकी वर्षं खिडकीकडे तोंड असायचं, आता माझ्याकडे. म्हणे उजेड चांगला येतो. उजेड येतो खिडकीतून, ती आता त्याच्या पाठीमागे!

मी वाचायला लागले तर म्हणाला, "बाई, कागद जरा खाली धरा. तोंड दिसत नाही."

"माझं तोंड बघून काय करायचंय? ऐक."

"बघू द्या की. आपलंच आहे."

या वयात थट्टा सुचते. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. कागद खाली धरून वाचलं. शेवटपर्यंत 'हं'च.

१८ जानेवारी

पहिला वर्ग. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरची खोली, लोखंडी खुर्च्या, एक पंखा तो कुरकुरणारा. दहा-बारा जण आले. पहिल्या रांगेत एक निवृत्त साहेब, ओठ झाकणारी भरघोस मिशी आणि मांडीवर दप्तर. दप्तरात नऊशे पानी कादंबरी, स्वतःवर. मी विचारलं, "लिहून झालीय, तर मग इथे कशाला आलात?" म्हणाले, "प्रस्तावनेसाठी."

मागे एक मुलगी, बँकेत काउंटरवर असते. दिवसभर लोकांचे प्रश्न ऐकते म्हणून की काय, इथे येऊन सगळे स्वतःच विचारते. मी तिचं नाव प्रश्नवाली ठेवलंय.

"सुचलंच नाही तर काय करायचं?"

"बसायचं."

"आणि तरी नाही सुचलं?"

"तरी बसायचं. सुचणं पाहुण्यासारखं असतं. दार वाजवून घरात कुणी नाही असं दिसलं तर परत जातं. तुम्ही आपले घरात असा."

हे बोलताना मला माझं दीड पान आठवत होतं. तोंड मात्र असं केलं होतं की जणू पाहुण्यांची रीघ लागलीय माझ्याकडे.

मग त्यांना हुंकाराचं सांगितलं. एक माणूस शोधा जो तुमचं ऐकेल आणि फार बोलणार नाही. कौतुक करणारे नकोत, चुका काढणारे तर नकोतच. सगळ्यांनी लिहून घेतलं. साहेब म्हणाले, त्यांच्या घरी असं कुणीही नाही, सगळेच बोलतात.

२७ जानेवारी

आज स्टुडिओला आग लावली. जुन्या काचेच्या निगेटिव्ह तडातडा फुटताहेत, बाई रस्त्यात अनवाणी उभी आहे, असं पाच पानं. मलाच लिहिताना घाम फुटला.

"हं."

इस्त्री बाहीवरून कॉलरवर गेली, कॉलरवरून खांद्यावर.

३० जानेवारी

बाईच्या पुतण्याला मारलं. वीस वर्षांचा, गुणी, मला स्वतःला फार आवडायचा.

"हं."

४ फेब्रुवारी

लेकीचा फोन. "आई, बाबा माझ्यावर रागावलेत का? फोनवर येतच नाहीत. आले तरी 'हो, हो, बरं, आईला देतो'."

मी विचारलं तर म्हणाला, "तू बोललीस ना? मग झालं. मायलेकी एकच."

छापखान्यातल्या जुन्या दोस्तांकडे जायचंही बंद केलंय. "सगळे एकदम बोलतात, डोकं भणभणतं," म्हणे. पूर्वी त्याच डोक्यावर चार मशीनं चालायची.

बातम्यांचा आवाज मात्र एवढा मोठा लावतो की शेजारीण गमतीने म्हणाली, तुमच्यामुळे आमच्या टीव्हीची वीज वाचते.

मला एक भीती वाटते. इथे लिहून ठेवते, कारण दुसरीकडे कुठे बोलायची सोय नाही. हा माणूस सगळ्यांतून अंग काढून घेतोय, आणि मीही त्या सगळ्यांतच आहे. त्याला माझा कंटाळा आला असावा. कादंबरीचा नव्हे, माझा. कादंबरी वाईट असती तर निदान लांब 'हंऽऽ' आला असता.

१५ फेब्रुवारी

वर्ग. आज मी ठणकावून सांगितलं, "गोष्ट हलत नाही म्हणून कुणाला मारू नका. आग लावू नका. अपघात घडवू नका. वाचकाला लगेच कळतं की लेखक घाबरलाय."

हे सांगताना मला लाज वाटायला हवी होती. वाटली, पण सांगून झाल्यावर.

प्रश्नवाली म्हणाली, "मॅडम, तुमचे हुंकारवाले चुकले तर?"

"तो चुकत नाही."

"पण समजा—"

"समजायचं काही कारण नाही," मी म्हटलं, जरा जोरातच. साहेबांनी 'तो' हा शब्द ऐकून भुवया उंचावल्या. मी लगेच दुरुस्त केलं, "ते. ते चुकत नाहीत."

२० फेब्रुवारी

प्रकाशकाचा फोन. भला माणूस, कधी चढ्या आवाजात बोलत नाही, त्यामुळे त्याला खोटंही सांगता येत नाही. अजून सहा आठवडे मुदत वाढवून देतो म्हणाला.

मी स्वयंपाकघरातून नवऱ्याला ओरडून सांगितलं, "मुदत मिळाली!"

"कोणाला मदत पाहिजे?"

माझा तोल गेला. बाहेर येऊन त्याच्यासमोर उभी राहिले आणि काय काय बोलले! तुझं लक्ष नसतं, तू एका कानाने ऐकतोस आणि दुसऱ्याने सोडून देतोस, मी भिंतीला वाचून दाखवलं असतं तर निदान भिंतीने भलताच हुंकार तरी दिला नसता. त्याने इस्त्री उभी केली. काहीतरी बोलणार असं वाटलं. तोंड उघडलं, मिटलं, आणि आधीच इस्त्री झालेला कफ पुन्हा पसरला.

चेहरा एवढासा झाला होता त्याचा. मला वाईट वाटलं पण राग जास्त होता.

१ मार्च

प्रकाशकाला सांगितलं, ही कादंबरी होत नाही. बंद करते.

तो मग म्हणाला, "आज नका ठरवू. महिनाअखेरीला फोन करा. तेव्हाही हेच म्हणालात तर पुढच्या यादीतून नाव काढतो."

रात्रीची भांडी घासत होते तेव्हा नवऱ्याला सांगितलं. तो शेजारी उभा राहून पुसायचं फडकं घेऊन थांबला होता. मला त्याच्याकडे बघवेना, म्हणून नळाकडे बघतच सांगितलं की स्टुडिओवाली संपली, तीन वर्षं पाण्यात गेली, बहुतेक मी यापुढे लिहिणारच नाही.

"हं," म्हणाला. आणि ताट घेऊन पुसायला लागला.

त्या 'हं'ने जेवढं दुखलं तेवढं आजवर कुणाच्या शिवीने दुखलं नव्हतं.

८ मार्च

प्रश्नवालीने हट्टच धरला. "आम्हाला सर दाखवा ना. ते कसं ऐकतात ते बघायचंय." सगळ्यांनी री ओढली. मी हो म्हटलं. कादंबरी बुडाली तरी वर्गात तोरा राहिला पाहिजे ना!

घरी येऊन सांगितलं तर त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "मी कशाला? मला काय कळतं? तिथे किती माणसं असतात?"

"बोलायचं काही नाही. नुसतं 'हं' म्हणायचं. तेवढं तर येतं तुला."

टोमणा होता तो. त्याला लागलाही असावा, पण थोड्या वेळाने स्वतःच म्हणाला, "तू वाचणार ना? तूच? मग येतो."

१५ मार्च

आज जे झालं ते नीट लिहून काढते, नाहीतर झोप लागायची नाही.

नवरा सकाळपासून तयार. दोनदा दाढी केली. वर्गात त्याला माझ्यासमोर खुर्ची दिली. मी दुसऱ्या कादंबरीतलं एक पान वाचलं. त्याचे हुंकार असे जागच्या जागी पडले की पोरं खूश झाली. कुणीतरी टाळीसुद्धा वाजवली. मला अभिमान वाटला. वर्गासमोर त्याने माझी लाज राखली, असंही वाटलं.

मग साहेब उठले. "आता आमचंही ऐका," म्हणाले. मी नको म्हणायच्या आत दप्तर उघडून उभे राहिले. मान खाली, कागद नाकाशी, आणि त्या मिशा. एक परिच्छेद वाचला. नवरा पुढे झुकून त्यांच्याकडे बघत होता. हुंकार येत होते, पण कुठेतरी भलतीकडेच. साहेबांची आई आजारी पडली तिथे काही नाही, आणि 'सकाळी नऊ वाजता' याला 'हंऽऽ'.

आणि मग साहेबांचं पुढचं पान हरवलं. नऊशे पानांतलं एक. ते कागद चाळायला लागले, मिशीतल्या मिशीत स्वतःशी पुटपुटत. आवाज असा काही नव्हताच. खोली शांत होती, पंखा तेवढा कुरकुरत होता.

"हं," नवरा म्हणाला.

साहेब शोधताहेत.

"हं."

अजून शोधताहेत.

"हं."

वर्ग खदाखदा हसला. त्यांना वाटलं, साहेबांची फिरकी घेतली. मीही हसले, देवा, मीसुद्धा हसले क्षणभर. नवऱ्याने गर्रकन सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे बघितलं, एकेकाकडे, आणि सगळे हसताहेत असं दिसल्यावर तोही हसायला लागला. थोडा उशिरा.

मग त्याने माझ्याकडे पाहिलं. मी हसत नव्हते.

घरी येताना तो पुढे होता, मी मुद्दाम दोन पावलं मागे राहिले. "अरे," म्हटलं. मग जरा मोठ्याने, "अरे, ऐक ना." मग त्याचं नाव घेऊन हाक मारली, रस्त्यातली एक बाई वळून बघायला लागली एवढ्या मोठ्याने. तो आपला चालत राहिला, हात मागे बांधून.

पुढे जाऊन त्याच्यासमोर उभी राहिले. विचारलं, "कधीपासून?"

तो म्हणाला, "घरी चल."

१६ मार्च

निवृत्त व्हायच्या आधीपासूनच कमी झालं होतं म्हणे. मशीनं बंद झाली तेव्हा त्याला वाटलं होतं की आता शांत वाटतंय म्हणून असेल. मग पाखरांचे आवाज गेले, मग दाराची घंटा, मग बोलणं. आवाज येतो पण शब्द येत नाहीत. ओठ दिसले तर निम्मं कळतं. मी पान उलटते, श्वास घेते, चष्मा वर करते, तिथे 'हं' टाकायचा. इतक्या वर्षांच्या सवयीने त्याला माझ्या वाचण्याचा ठेका पाठ होता.

"आणि माझ्या कादंबरीतलं? काय काय ऐकलंस?"

त्याने मान हलवली. "तुकडे."

"मला सांगायला काय धाड भरली होती?"

"सांगितलं असतं तर तू वाचायची बंद झाली असतीस."

"काहीतरीच!"

"झाली असतीस, बाई. म्हणाली असतीस, ह्याला ऐकू येत नाही, कशाला त्रास द्या. मग मी संध्याकाळी काय करायचं? इस्त्री?"

मी रडत होते की भांडत होते, माझं मलाच कळत नव्हतं. "तुझ्या त्या इस्त्रीपायी मी अख्खा स्टुडिओ जाळला!"

"कुठला स्टुडिओ?"

"पुतण्या मारला!"

"कुणाचा?" त्याने एवढ्या काळजीने विचारलं की मला हसूच फुटलं. हसता हसता हुंदका आला. तो जवळ येऊन बसला, माझ्या तोंडाकडे बघत, मी आता काय म्हणते ते निसटू नये म्हणून. हाच माणूस माझ्याकडे लक्ष देत नाही म्हणून मी महिनोन्‌महिने कुढत होते. इतकं लक्ष देऊन माझ्याकडे कुणी कधी पाहिलंच नसेल.

मग मी नळाकडे बघून सांगितलेलं त्याला तोंडासमोर सांगितलं. कादंबरी बंद केलीय म्हणून. तो पांढराफटक पडला. "मी काय म्हणालो त्यावर?"

"हं म्हणालास."

त्याने कपाळावर हात मारला.

२१ मार्च

कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. एका बंद काचेच्या खोलीत बसवतात, कानावर ती टोपणं लावतात, बारीक आवाज आला की बटण दाबायचं. आमचा शहाणा काचेतून तपासणाऱ्या मुलीचा चेहरा बघून बटण दाबत होता! तिचा हात हलला की दाब. निकाल चांगला येईना नि वाईट येईना. शेवटी तिने त्याची खुर्ची भिंतीकडे वळवली.

मग मात्र बटण फार वेळ दाबलंच गेलं नाही. मी बाहेरून त्याची पाठ बघत होते. ताठ बसला होता, अंगठा बटणावर ठेवून वाट बघत. मला ते बघवलं नाही.

यंत्र बसवायचं ठरलं.

२२ मार्च

वर्गात सगळं सांगून टाकलं. जे शिकवलं त्यातलं हुंकाराचं खोडा म्हटलं. मी कंटाळ्याचा अर्थ लावत बसले आणि कंटाळा नव्हताच.

प्रश्नवालीने विचारलं, "मग श्रोता नकोच का?"

"हवा गं. पण त्याला ऐकू येतंय ना, एवढं आधी विचारा." सगळे हसले. मी पुढे म्हटलं, "आणि त्याने काही म्हटलं नाही म्हणून घाईघाईने आग लावू नका. मी लावली होती." पंधरा फेब्रुवारीला ठणकावून सांगितलेलं सगळ्यांना आठवत असणार. कुणी दाखवलं नाही, चांगली पोरं आहेत.

जाताना साहेब रेंगाळले. सगळे गेल्यावर हळूच म्हणाले, "त्या डॉक्टरांचा पत्ता मिळेल का? आमच्या एका मित्रासाठी."

मी पत्ता दिला. त्यांना कळावा म्हणून जरा मोठ्याने सांगितला.

२९ मार्च

काल यंत्र आलं. घरभर फिरून एकेक आवाज ओळखत होता. स्वतःच्या चपला, फ्रिज, पिशवीची चुरचुर. "तुझं पेन एवढं वाजतं?" म्हणाला. लेकीशी फोनवर तब्बल अर्धा तास बोलला आणि मला फोन दिलाच नाही.

आज संध्याकाळी मी पहिल्या पानापासून वाचायला बसले. आग काढून टाकली होती, पुतण्याला जिवंत केलं होतं. त्याने इस्त्री बाजूला ठेवली, हात मांडीवर घेऊन बसला. नववं पान झालं. एकही हुंकार नाही.

"बरं," म्हणाला, "खरं सांगू?"

"सांग."

"कंटाळा आला."

नऊ पानं! स्टुडिओतलं तिचं बालपण, पडद्यावर रंगवलेलं तळं, बापाच्या खांद्यावरून दिसणारं जग. त्या नऊ पानांवर मी पाच महिने घासाघीस केलीय. म्हणाला, ती काढून टाक, दहाव्या पानावर तुझी स्टुडिओवाली म्हातारी होऊन बोलायला लागते तिथून सुरू कर. मी म्हटलं, तुला काय कळतं. तो म्हणाला, मला ऐकू येतं आता. मी म्हटलं, आलं नसतं तर बरं झालं असतं! माझा आवाज चढला, त्याचाही चढला, त्याला स्वतःचा आवाज एवढा मोठा ऐकायची सवय नाही म्हणून तोच दचकला. मग त्याने शांतपणे कानातलं यंत्र काढलं, टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "आता बोला, बाई. काय बोलायचं ते बोला."

फार दिवसांनी एवढं कडाक्याचं भांडलो. छान वाटलं.

३० मार्च

सकाळी चहाच्या वेळी मीच विषय काढला. "नऊ पानं एवढी वाईट आहेत?"

"वाईट कोण म्हणतं." तो कपातल्या चहाकडे बघत राहिला, शब्द जुळवत असल्यासारखा. त्याला असं बोलायची सवय नाही, वाचलेल्यावर तो आजवर एका अक्षरापलीकडे गेला नव्हता. "रागावू नकोस. पण तुझा आवाज म्हातारा झालाय."

"वा! आज काय सकाळी सकाळीच?"

"ऐक तर. दोन वर्षं तू वाचायला बसलीस की माझ्या डोक्यात तुझा जुना आवाज वाजायचा. छापखान्यात यायचीस तेव्हाचा. मला वाटायचं तो तसाच आहे. परवा यंत्र लावलं आणि तू विचारलंस, 'येतंय का ऐकू?' तर मी इकडेतिकडे बघितलं, की हे कोण बोललं." त्याने कप खाली ठेवला. "घोगरा झालाय. मधेच थांबतो. ती नऊ पानं आहेत ना, ती त्या जुन्या आवाजातली आहेत. गोड आहेत. दहाव्यापासून जी बाई बोलते ती या आवाजाची आहे. मला हिचं ऐकायचंय."

मला एकदम रडू आलं. म्हातारा म्हणाला म्हणून नव्हे, किंवा म्हणूनही असेल. दोन वर्षं हा माणूस रोज संध्याकाळी त्या जुन्या मुलीला घरात ऐकत होता, आणि आता ती गेली हे त्याला एका दिवसात कळलं, आणि त्याने मला सांगितलंही नव्हतं.

"वाईट वाटलं तुला?" मी विचारलं.

"पहिल्या दिवशी वाटलं," म्हणाला. "मग सवय झाली. चांगला आहे हा पण."

डोळे पुसून मी नऊ पानं काढली आणि बाजूला ठेवली. फाडली नाहीत, तेवढी मोठी मी नाही झाले. उद्या प्रकाशकाला फोन करायचाय, सुरुवात बदलतेय, यादीतलं नाव राहू द्या म्हणून. मग तिथेच, चहाचे कप तसेच ठेवून, दहावं पान वाचायला घेतलं.

"लोकांना वाटतं, फोटो काढणारीला चेहरे लक्षात राहत असतील. मला राहतात ते हात. फोटोला बसलं की आपले हात कुठे ठेवायचे, ते कुणालाच कळत नाही."

"थांब," नवरा म्हणाला. "हे पुन्हा म्हण."

"का? ऐकू नाही आलं?"

"आलं," तो म्हणाला. "म्हणून तर."